भुलीखाली एकदा ठोके थांबले होते, आता गाठीचं ऑपरेशन आहे. करावं का?

गुड्डीची_आई (मनीष नगर, नागपूर)

नमस्कार. पोस्ट लांबेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळं लिहिते.

आमची कुत्री गुड्डी १० वर्षांची, स्पिट्झ, आपल्याकडे सगळे पॉमेरियनच म्हणतात तिला, वजन ९ किलो. फेब्रुवारीत तोंडाला फार वास येत होता आणि मागच्या दोन दाढा हलत होत्या म्हणून घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये दात साफ करायला नेली. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, मला कोणाशी भांडायचं नाही, आणि तिला परत आणली तीही त्यांनीच. मागच्या पायात इंजेक्शन दिलं, तिला एक उलटी झाली, मग झोपली. मी बाहेर बाकावर बसलेली. वीसेक मिनिटांनी आत पळापळ सुरू झाली, दार अर्धं उघडं होतं, पाहते तर डॉक्टर तिची छाती दाबून राहिले होते आणि हाताखालचा मुलगा म्हणत होता जीभ निळी पडली, जीभ निळी पडली. दोन इंजेक्शनं दिली. ते म्हणतात दोनेक मिनिटं, मला तर तास गेल्यासारखं वाटलं. मग श्वास आला. दाढा तशाच ठेवून संध्याकाळी घरी पाठवली, दोन दिवस भिंतीला धडकत होती, मग हळूहळू नेहमीसारखी झाली.

आता मे सुरू आहे. मागच्या महिन्यात आंघोळ घालताना डावीकडच्या शेवटच्या आचळाजवळ गाठ हाताला लागली, वाटाण्याएवढी. आता लिंबाएवढी झाली. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले काढावी लागेल. फेब्रुवारीचं सांगितलं तर म्हणाले ठीक आहे, आधी हार्टचं बघून घेऊ. घरात दोन तट पडले आहेत. हे म्हणतात १० वर्षं झाली, आहे तशी राहू द्या, टेबलावर गेली तर आपल्याले जन्मभर लागून राहील. मुलगी म्हणते गाठ फुटली तर काय करशील. मी रात्री उठून उठून तिचा श्वास मोजून राहिली आहे.

तिला भूल सहनच होत नाही का? एकदा थांबलं म्हणजे पुन्हा थांबणारच का? आणि हार्टचं बघून घेऊ म्हणजे नेमकं काय बघतात?

सक्करदऱ्याचा_वैभव

काकू, वाचूनच कसंतरी झालं. काही जणांना भुलीची अ‍ॅलर्जी असते, तसंच असेल. माझ्या मावसभावाच्या लॅब्रॅडोरला पण असंच झालं होतं. माझं म्हणणं पूर्ण भूल देऊच नका, हलकी गुंगी देऊन आणि त्या जागेवर बधिर करून गाठ काढता येत असेल तर बघा. पूर्ण बेशुद्ध केलं की रिस्क आलीच ना.

पशुवैद्य_विदर्भ

ताई, मी गेली १४ वर्षं लहान जनावरांची ऑपरेशनं करतोय. गुड्डीला न तपासता तिच्याबद्दल पक्कं बोलणार नाही, पण तुमच्या पोस्टमध्ये बरंच काही सांगितलं गेलंय.

वैभवभाऊ, मनापासून लिहिलंय तुम्ही, पण अ‍ॅलर्जी हे फार क्वचित असतं. आणि "हलकी गुंगी म्हणजे सुरक्षित" हा समज तर मला रोज खोडावा लागतो. श्वासनळीत नळी नाही, ऑक्सिजन नाही, मॉनिटर नाही, अशी गडद गुंगी ही नळी टाकून गॅसवर नीट दिलेल्या पूर्ण भुलीपेक्षा जास्त धोक्याची असू शकते, कारण श्वास मंदावला तर तो हातात घ्यायला आपल्याकडे काहीच नसतं.

इंजेक्शननंतर उलटी झाली म्हणजे ते बहुतेक झायलाझिन हे गुंगीचं औषध असावं, सोबत केटामिन. आपल्याकडे सर्रास वापरतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीतही हेच असतं आणि तरुण धडधाकट कुत्र्यात बहुतेक वेळा निभावतं, म्हणून औषधाला सरसकट वाईट म्हणू नका. पण ते काय करतं ते समजून घ्या. झायलाझिनने अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो, दाब वाढला म्हणून हृदय आपोआप ठोके कमी करतं, आणि मिनिटाला हृदयातून जितकं रक्त बाहेर पडायचं ते निम्म्यावरही येऊ शकतं. आता समजा १० वर्षांच्या लहान जातीच्या कुत्रीची डावीकडची झडप गळत असेल, या वयात आणि या जातींमध्ये हे फार दिसतं, तर पुढची वाट आवळल्यामुळे तेवढं जास्त रक्त मागे गळतं. निरोगी हृदय असं वीस मिनिटं सोसतं. गळक्या झडपेचं कदाचित नाही सोसत.

दुसरी गोष्ट, जीभ निळी पडली हे आधी दिसलं. आपण म्हणतो हृदय बंद पडलं, पण भुलीत पुष्कळदा आधी श्वास मंदावतो किंवा अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, ठोके कमी कमी होत जातात आणि मग थांबतात. दात साफ करताना मशीनचं पाणी तोंडात साचतं, नळी टाकलेली नसेल तर ते घशात उतरतं. शिवाय ९ किलोचा जीव ओला होऊन लवकर गार पडतो, आणि अंग गार पडलं की ठोके आणखी मंदावतात, त्या वेळी ठोके वाढवणाऱ्या अ‍ॅट्रोपिनचाही म्हणावा तसा उपयोग होत नाही. म्हणून जुन्या क्लिनिकमधून कागद आणा. कोणतं औषध, किती एमएल, नळी टाकली होती का, छाती दाबताना काय दिलं. भांडायला नाही, पुढच्या डॉक्टरांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

पुन्हा थांबणारच का, तर नाही, तसा नियम नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ९८ हजारांवर कुत्र्यांच्या भुलीची नोंद ठेवली होती, अभ्यास २००८ मध्ये छापून आला. जीव जाण्याचा एकूण धोका ०.१७ टक्के, म्हणजे साधारण ६०० मध्ये १. पण निरोगी कुत्र्यांत तो साधारण १८५० मध्ये १ आणि आजारी कुत्र्यांत ७५ मध्ये १. फरक बघा केवढा आहे. तुमची गुड्डी या दोनपैकी कुठे बसते हे आधी शोधायचं, हार्टचं बघून घेऊ म्हणजे तेच. कानाने नीट ऐकून मर्मर, म्हणजे ठोक्यांमध्ये जास्तीचा आवाज, आहे का आणि ६ पैकी कितवा दर्जा, छातीचा एक्सरे, ईसीजी, आणि मर्मर निघाला तर हृदयाची सोनोग्राफी. रक्तात हिमोग्लोबिन, प्लेटलेट, किडनी, लिव्हर. गोचीड ताप आपल्याकडे इतका आहे की प्लेटलेट न बघता मी तर सुरी हातात घेत नाही. एक्सरे छातीच्या दोन्ही कुशींवर आणि पाठीवर किंवा पोटावर असा तिन्ही बाजूंनी काढायला सांगा, त्यात फुप्फुसात गाठीचे ठिपके पसरलेत का तेही कळतं. पसरले असतील तर ऑपरेशनचा विचारच वेगळा होतो.

आणि थांबू नका. कुत्रींच्या आचळाच्या गाठींपैकी साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात, ३ सेंटिमीटरच्या आत काढल्या तर पुढचं बरं असतं. लिंबाएवढी म्हणजे तुम्ही त्या रेषेवर उभ्या आहात.

रात्री श्वास मोजता ते चांगलंच करताय. गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या खाली असेल तर ठीक. सतत वर जाऊ लागला तर ऑपरेशन बाजूला, आधी डॉक्टर. आकडे वहीत लिहून ठेवा.

नंदनवन_राजेश

ताई, मी सहसा इथं फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

आमचा शेरू, जर्मन शेफर्ड, ८ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी प्लीहेवर गाठ निघाली, आतून रक्त गळत होतं, रातोरात ऑपरेशन. ऑपरेशन छान झालं, डॉक्टरांनी बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी त्यांच्या पाया पडलो. सकाळी शेरूने शेपटी हलवली. दुपारी घरी पाठवला, कारण तिथं रात्री थांबायला माणूस नव्हता. रात्री दीडला उठला, पाणी प्यायला, चार पावलं चालला आणि पडला. मी छातीवर हात ठेवला तर ठोके कसे पडत होते, एक जोरात, मग काहीच नाही, मग चार-पाच एकदम भराभर. गाडी काढेपर्यंत संपलं.

मला नंतर कळलं की प्लीहेच्या ऑपरेशननंतर आणि पोट फुगून पिळा पडतो त्या ऑपरेशननंतर हृदयाचे असे वाकडे ठोके येतात, दोन-तीन दिवसांपर्यंत येऊ शकतात, आणि ईसीजीवर ठेवलं तर ते ठोके सरळ करायला वेळेत लिग्नोकेन देता येतं. मला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, मला वाटलं टाके पडले म्हणजे झालं.

म्हणून एवढंच सांगतो, ऑपरेशननंतर कोण बसणार आणि किती वाजेपर्यंत बसणार हे आधी विचारून घ्या. घरी न्यायची घाई करू नका, ते म्हणाले न्या तरी करू नका.

पशुवैद्य_विदर्भ

राजेशभाऊ, शेरूबद्दल वाईट वाटलं. तुम्ही जे लिहिलं ते अगदी बरोबर आहे. त्याच ब्रिटनच्या अभ्यासात भुलीशी संबंधित मृत्यूंपैकी ४७ टक्के ऑपरेशन झाल्यानंतरचे होते, आणि त्यातले बरेचसे पहिल्या ३ तासांतले. टेबलावर सगळ्यांचं लक्ष असतं, पिंजऱ्यात ठेवलं की सगळे पुढच्या केसला लागतात.

गुड्डीची_आई

राजेशदादा, तुमचं वाचून मी आणि मुलगी दोघी रडलो. शेरूचा फोटो असेल तर टाका.

डॉक्टर, आज कागद आणला. त्यांनी न कुरकुरता दिला. झायलाझिन आणि केटामिनच होतं, वजन अंदाजे १२ किलो लिहिलंय, तेव्हा वजनकाटा बंद होता म्हणे. नळी टाकली नव्हती. छाती दाबताना अ‍ॅड्रेनालिन आणि अ‍ॅट्रोपिन दिलं. झायलाझिन उतरवायचं एक औषध असतं ते त्यांच्याकडे संपलेलं होतं असं त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि म्हणाले आता मी ते ठेवतो. मला राग यायला हवा होता, पण त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

पशुवैद्य_विदर्भ

९ किलोच्या कुत्रीला १२ किलोचा डोस. म्हणजे तिसऱ्या हिश्शाने जास्त. ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. उतरवायचं औषध म्हणजे योहिम्बिन किंवा अ‍ॅटिपामेझोल, ते टेबलाजवळ असायलाच पाहिजे.

त्यांचं एक श्रेय मात्र देतो. कुत्र्यांचं हृदय दवाखान्यात कुठल्याही कारणाने थांबलं तर वाचून घरी जाणारे साधारण ६ ते ७ टक्के असतात. भुलीखाली थांबलं आणि लगेच लक्षात आलं तर जवळपास निम्मे वाचल्याची नोंद आहे, कारण माणूस शेजारी उभा असतो आणि कारण बहुतेक उलटवता येण्यासारखं असतं. गुड्डी त्यातली. २०१२ मध्ये जनावरांच्या सीपीआरचे, म्हणजे छाती दाबून परत आणायचे, रिकव्हर नावाचे नियम आले, २०२४ मध्ये सुधारून पुन्हा आले, त्यात मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, छातीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत खोल, दोन मिनिटं न थांबता, मग हात बदलायचा. मोठ्या कुत्र्यात हे करताना घाम निघतो.

मेडिकलची_ओटीवाली

मी माणसांच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, भुलीच्या बाजूला टेक्निशियन आहे, घरी दोन देशी कुत्रे. आमच्याकडे ऑपरेशन करणारा वेगळा आणि पेशंटच्या डोक्याशी बसून फक्त श्वास, नाडी, दाब बघणारा भूलतज्ज्ञ वेगळा. माझ्या कुत्रीच्या नसबंदीला मी हाच प्रश्न विचारला की डॉक्टर, तुम्ही कापणार, मग तिच्याकडे कोण पाहणार? ते म्हणाले मीच बघतो अधूनमधून. मी सरळ म्हटलं मग मी उभी राहते, आणि राहिले.

गुड्डीच्या आई, तुम्हीही हेच विचारा. मशीन कोणतं आहे यापेक्षा त्याच्यासमोर पूर्ण वेळ माणूस कोण आहे हे महत्त्वाचं. मशीनमध्ये कॅप्नोग्राफ असेल तर फार उत्तम, ते उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवतं, ३५ ते ४५ च्या आसपास रेष चालू असते आणि रक्त फिरणं थांबलं तर ती रेष धाडकन खाली येते. ईसीजीवर एकट्यावर विसंबू नये, नाडी लागत नसतानाही पडद्यावर सुंदर ठोके दिसत राहू शकतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून हात मांडीच्या आतल्या नाडीवर. कुत्र्यांचं ऑक्सिजनचं चिमटं जिभेला लावतात, जीभ कोरडी पडली की चुकीचं दाखवतं, ओली करून जागा बदलावी लागते.

एक नागपूरचं म्हणून सांगते. मे महिना आहे, बाहेर ४५, तरी ओटीत एसी असतो आणि पोट उघडं, ओलं, केस काढलेलं, जीव गार पडतोच. खाली गरम गादी आणि गुंडाळायला काहीतरी असायला हवं. आणि घरी आणल्यावर आपण काय करतो, आल्या आल्या कूलरसमोर झोपवतो. तसं करू नका. भुलीतून उठलेल्याला गरमी पण झेपत नाही आणि तो ओला झोत पण नाही. सावलीची खोली, पंखा, बस.

रवीनगर_कट्टा

हार्टच्या सोनोग्राफीसाठी सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजमध्ये आधी चौकशी करून जा, कोणत्या दिवशी काय होते ते विचारून घ्या. सकाळी लवकर गेलेलं बरं, नंबरही लागतो आणि उन्हाच्या आत परत येता येते. पाण्याची बाटली न्या. मांजरवाल्यांपासून दूर बसा.

सक्करदऱ्याचा_वैभव

डॉक्टर साहेब, माझा गैरसमज होता, बरं झालं सांगितलं. मावसभावाला पण विचारलं, त्याच्या लॅबला पण नळी टाकली नव्हती म्हणे.

गुड्डीची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सगळं सांगते.

मर्मर निघाला, ६ पैकी ३. सोनोग्राफीत डावीकडची झडप थोडी गळते पण हृदय वाढलेलं नाही, त्यांनी बी-१ असं लिहून दिलं, म्हणजे सध्या गोळीची गरज नाही, दर सहा महिन्यांनी बघायचं. फुप्फुसं स्वच्छ. रक्त ठीक, प्लेटलेट किंचित कमी. हे ऐकून यांनीच म्हटलं मग करून घेऊ. रिपोर्ट हातात धरून बराच वेळ बसले होते.

ज्या डॉक्टरांकडे केलं त्यांनी बाहेरून भूल देणारे दुसरे डॉक्टर बोलावले होते, त्यांचं काम फक्त भूल. वजन माझ्यासमोर केलं, ८ किलो ९००. आधी शांत करायला ब्युटोर्फॅनॉल आणि मिडाझोलम, मग तोंडाला मास्क लावून पाच मिनिटं ऑक्सिजन, मग बेशुद्ध करायला प्रोपोफॉल अगदी थेंब थेंब, नळी, गॅस. गाठीभोवती बधिर करायचं औषध भरलं, त्यामुळे गॅस कमी लागला म्हणे. सलाईन मुद्दाम हळू ठेवलं, गळक्या झडपेला जास्त पाणी नको म्हणून. मी विचारलं काही झालं का मध्ये, तर त्यांनी लपवलं नाही, म्हणाले एकदा ठोके ५४ वर आले होते आणि दाबही उतरला, गॅस कमी केला, अ‍ॅट्रोपिन दिलं, दोन-तीन मिनिटांत ९० वर आले. प्रत्येक पाच मिनिटांचा आकडा लिहिलेला कागद मला दिला. फेब्रुवारीतही असंच मंदावत गेलं असेल आणि तेव्हा कोणी मोजत नव्हतं, हे तो कागद बघताना मला समजलं.

राजेशदादा, तुमचं ऐकलं. दुपारी तीनला ते म्हणाले नेऊ शकता, मी म्हटलं नाही, मी इथंच बसते. रात्री नऊपर्यंत बसलो आम्ही तिघं, नऊला ईसीजी पुन्हा काढून मगच निघालो. रात्री मुलगी तिच्याजवळ खालीच झोपली. दाढाही त्याच भुलीत काढल्या, गाठ आणि टाके झाल्यावर शेवटी, तोंडाची घाण जखमेला लागू नये म्हणून, पण जास्त वेळ नको म्हणून साफसफाई नाही केली.

गाठ तपासायला दिली आहे, रिपोर्ट यायचा आहे. सध्या दही-भात खाऊन राहिली आहे आणि गळ्यातलं ते प्लास्टिकचं नरसाळं सगळीकडे आपटते. ते काढून टी-शर्ट घातला तर चालेल का? टाके चाटू नये एवढंच पाहिजे.

मेडिकलची_ओटीवाली

वाचून किती बरं वाटलं! लहान मुलाचा सुती टी-शर्ट घाला, मागचे पाय बाह्यांतून काढायचे आणि गळ्याचं भोक शेपटीकडे, पाठीवर गाठ मारायची. पण कोणी समोर असेल तेव्हाच, रात्री नरसाळंच.

नंदनवन_राजेश

ताई, शेरूचा फोटो टाकला आहे. गुड्डीचा रिपोर्ट आला की सांगा.